चिलापी घ्यावी की मरळ? गोड्या पाण्यातली मासळी आणि तिच्यातले जड धातू

समुद्राकाठी वाढलेला माणूस पुण्यात, सोलापुरात किंवा नागपुरात राहायला आला की पहिलं वर्षभर नाक मुरडतो. इथल्या माशाला मातकट वास येतो म्हणतो. मग पापलेट-सुरमईचे भाव ऐकून हळूहळू रोहू-कटल्याकडे वळतो आणि दोन-तीन वर्षांत उजनी धरणाकाठच्या भिगवणच्या चिलापीचं (म्हणजे तिलापियाचं) पाहुण्यांपुढे कौतुक करायला लागतो. मीही याच वाटेने आलो. या वाटेवर केव्हातरी कुणीतरी फोनवर एक बातमी पाठवतंच: नदीतल्या माशांत शिसं, पारा, कॅडमियम सापडलं. लगेच घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, आजपासून मासे बंद. दुसरा म्हणतो, आजोबा ऐंशी वर्षं नदीचेच मासे खात होते. आजोबांच्या वेळची नदी आता राहिलेली नाही, त्यामुळे दुसऱ्याचं म्हणणं टिकत नाही. आणि मासे बंद करणारा चांगली प्रथिनं नि ओमेगा-३ घालवून बसतो, वर त्याच नदीच्या पाण्यावर वाढलेली मेथी निर्धास्त खातो.

नव्याने गोड्या पाण्याची मासळी घेऊ लागलेल्यांसाठी काय विचारायचं, काय निवडायचं आणि किती खायचं ते क्रमाने सांगतो.

पायरी १: नाक-डोळ्यांना या कामातून सुट्टी द्या

ताजा मासा ओळखायला आपल्याला घरीच शिकवलेलं असतं. कल्ले लालभडक हवेत, डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं. हे सगळं ताजेपणाबद्दल खरं आहे. जड धातूंबद्दल मात्र यातून अक्षरही कळत नाही. पारा भरलेला मासा तितकाच ताजा, तितकाच चविष्ट आणि तितकाच देखणा असतो.

मातकट वासाचंही तसंच. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते पाण्यातल्या शेवाळाच्या काही जाती नि सूक्ष्मजीव तयार करतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो वास येतो, त्यातही हेच असतं. आंबट लागलं की जिओस्मिन मोडतं, म्हणून चिंच, कोकम किंवा लिंबू लावल्यावर वास खरोखर कमी होतो. पण वास गेला म्हणजे प्रदूषण गेलं असं समजून लोक फसतात. हळद, मीठ, लिंबू, तुरटी यांतलं काहीही चोळून मांसात मुरलेला धातू निघत नाही.

नदीवरचा फेसही चकवतो. इंद्रायणीवर दिसतो तसा पांढरा फेस मुख्यतः साबण-डिटर्जंट आणि सांडपाण्याचा असतो. पंचगंगेत मासे मरून तरंगले की 'विषारी पाणी' अशी बातमी येते, पण असे मासे बहुतेक वेळा पाण्यातला ऑक्सिजन संपल्याने मेलेले असतात. आपल्या विषयात काळजी जिवंत माशाची. धातूमुळे तो लगेच मरत नाही, वर्षानुवर्षं साठवत राहतो.

आणि २०१८ मध्ये गोव्यात गाजलेलं फॉर्मेलिनचं प्रकरण हे मासा टिकवण्यासाठी मारलेल्या रसायनाचं होतं, त्याचा धातूंशी संबंध नाही. फॉर्मेलिन तपासायच्या पट्ट्या मिळतात. त्यांनी पारा किंवा शिसं कळत नाही.

पायरी २: तिघांची ओळख करून घ्या

यादी लांब करता येते, पण घरच्या माशासाठी तिघे पुरेत: पारा, शिसं, कॅडमियम.

पाऱ्याचं वागणं सगळ्यांत वेगळं, म्हणून त्याच्याकडे थोडं थांबू. कोळशाच्या धुरातून किंवा कारखान्याच्या सांडपाण्यातून आलेला पारा तळाच्या गाळात बसतो. तिथे ऑक्सिजन नसलेल्या चिखलात राहणारे जीवाणू त्याचं मिथाइल पारा नावाच्या रूपात रूपांतर करतात. हे रूप जिवंत शरीरात सहज शिरतं आणि सावकाश बाहेर पडतं. शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात जाताना प्रत्येक टप्प्याला त्याचं प्रमाण वाढत जातं. मोठा शिकारी मासा म्हणजे या साखळीची तिजोरी. मिथाइल पारा मांसातल्या प्रथिनांना घट्ट धरून बसतो, त्यामुळे कातडी काढा, चरबी काढा, तळा, उकडा, तो तिथेच राहतो. उलट तळताना पाणी उडून जातं, म्हणून तुकड्याच्या वजनाच्या मानाने प्रमाण थोडं वाढलेलंच दिसतं.

हे कागदावरचं भय नाही. जपानमधलं मिनामाताचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तिथला आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, पण ती गोष्ट समुद्राच्या खाडीची. आपल्या कामाची गोष्ट त्यानंतरची आहे. १९६५ मध्ये त्याच देशात निइगाता भागात आगानो नदीकाठी तोच आजार उघड झाला. नदीच्या वरच्या अंगाला कारखाना आणि खालच्या अंगाला रोज नदीचे मासे खाणारी कुटुंबं, असा तो मामला होता. कॅनडातल्या ओंटारिओत ग्रासी नॅरोज इथल्या मूळ रहिवाशांचंही तेच झालं. १९६२ ते १९७० या काळात वरच्या बाजूच्या कागद उद्योगाने नऊ-दहा टन पारा नदीत सोडला. सोडणं थांबून अर्धं शतक उलटलं, तरी तळातला पारा अजून माशांत येतोच आहे. नदी 'आता स्वच्छ दिसते' या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे.

शिसं आणि कॅडमियम वेगळे वागतात. ते मांसात कमी आणि कल्ले, यकृत, मूत्रपिंड, हाडं, खवले यांत जास्त साठतात. म्हणजे इथे सुरीचा उपयोग आहे, पाऱ्याला नाही. माणसाच्या शरीरात शिसं हाडांत दशकानुदशकं राहतं, कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं. मिथाइल पारा मात्र साधारण ५० दिवसांत निम्मा होतो, हा दिलासा. म्हणून लग्नानंतर मूल हवं असेल तर सहा महिने आधी सांभाळून खाल्लेल्याचा खरोखर उपयोग होतो.

पायरी ३: 'मावशी, कुठल्या पाण्यातला?'

भाव विचारायच्या आधी हा प्रश्न. बहुतेक मावश्या खरं सांगतात, कारण धरणाचा मासा हा त्यांच्या दृष्टीने कौतुकाचा भाग असतो. 'उजनीचा', 'खडकवासल्याचा', 'तळ्याचा', 'आंध्राचा' अशी उत्तरं येतात. 'आंध्राचा' म्हणजे बर्फात आलेला, तळ्यात वाढवलेला रोहू-कटला. लोक त्याला नाक मुरडतात. धातूंच्या दृष्टीने मात्र पाळीव तळ्यातला, वर्ष-दीड वर्षात बाजारात आलेला मासा हा सहसा कमी जोखमीचा.

उजनीचं काय? पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना दापोडीला मुळेत मिळून, आणि तुळापूरला भीमेत मिळणारी इंद्रायणी, हे सगळं पाणी शेवटी भीमेतून उजनीच्या ११७ टीएमसीच्या जलाशयात येतं. लाखो घरांचं सांडपाणी आणि औद्योगिक पट्ट्याचा निचरा त्यात असतो. पण म्हणून जलाशयातला प्रत्येक मासा विषारी ठरत नाही. मी स्वतः चिलापी खातो. शहराच्या लगेच खालच्या नदीपात्रात पकडलेला मासा मात्र, कितीही स्वस्त असला तरी, घेत नाही.

सरकारी यादीबद्दल एक सावधगिरी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात प्रदूषित नदीपट्टे ३११ होते आणि त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्वांत जास्त. पण ही यादी बीओडीवर, म्हणजे सडणाऱ्या सेंद्रिय घाणीच्या मोजमापावर बेतलेली आहे. यादीत नाव आहे म्हणून मासा धातूने भरलेला, किंवा नाव नाही म्हणून निर्धोक, असं दोन्ही म्हणता येत नाही. यादी बघा, पण तिच्यावर थांबू नका. मी या गोष्टी पाहतो:

- वरच्या अंगाला गॅल्व्हनायझिंग-प्लेटिंगची (धातूवर मुलामा चढवण्याची) कामं, बॅटरी गाळणारे किंवा जुनं इलेक्ट्रॉनिक सामान जाळणारे आहेत का?
- औष्णिक वीज केंद्राचा राखेचा बंधारा जवळ आहे का? चंद्रपूर-कोराडीकडच्यांना हा प्रश्न रोजचा आहे. कोळशाच्या राखेत पारा, शिसं, आर्सेनिक असतं.
- तळ्यात वर्षानुवर्षं मूर्तींचं विसर्जन होतं का? रंगांत शिसं, क्रोमियम, कॅडमियम असू शकतं आणि ते गाळात उतरतं. मूर्ती विसर्जनाबद्दल केंद्रीय मंडळाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या कडक केल्या, पण आधीचा गाळ तळाशीच आहे.

शहरातल्या तळ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: गळाचा आनंद घ्या, मासा परत सोडा.

पायरी ४: मासा आणि त्याचा आकार

इथे आपल्या बाजाराची सगळी रीत उलटी होते. आपल्याकडे मोठा मासा मानाचा. जावयाला पाच किलोच्या कटल्याची तुकडी, आजारातून उठलेल्याला मरळ. धातूंच्या हिशोबात मोठा म्हणजे म्हातारा, आणि म्हातारा म्हणजे जास्त साठवलेला. पाऱ्याच्या बाबतीत तर हे फार स्पष्ट आहे.

मत्स्यशेती करणारे एक साधी मांडणी सांगतात: एकाच तळ्यात कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तळ्यातलं अन्न वाया जाऊ नये म्हणून हे तिघे एकत्र सोडलेले असतात. ग्राहकाने तीच मांडणी धातूंसाठी वापरावी. धातू गाळात बसतात. त्यामुळे शंका असलेल्या पाण्यातून मासा घ्यायचाच असेल, तर कटला-रोहू आधी, गाळ उकरून खाणारे मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) नंतर. चिलापी शेवाळ आणि तळाचा चोथा खाते, पण आयुष्य छोटं आणि साखळीत जागा खाली, म्हणून पाऱ्याच्या बाबतीत ती साधारणपणे बरी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर बायकांसाठी केलेल्या यादीत तिलापिया 'उत्तम निवड' या गटात आहे, आणि चिलापी म्हणजे तीच.

मरळ, शिंगाडा, वाम हे शिकारी. चवीला यांच्या जवळपास काही नाही, हे मान्य. तळ्यात पाळलेली अर्धा-पाऊण किलोची मरळ खुशाल घ्या. नदीत किंवा जुन्या धरणात सापडलेली तीन-चार किलोची असेल, तर ती महिन्यातून एखाद्या वेळची गोष्ट. आणि ती नेमकी बाळंतिणीच्या ताटात जाऊ देऊ नका, ताकदीची म्हणून आपण ती तिथेच पाठवतो.

थाई मांगूर कुणी दिला तर घेऊ नका. त्याच्या पैदाशीवर आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे. तो चोरून, अनेकदा कत्तलखान्याच्या टाकाऊ मालावर वाढवला जातो, त्यामुळे त्याच्या पोटात काय गेलं ते कुणीच सांगू शकत नाही.

बारीक मासळीची गोष्ट जरा गुंतागुंतीची. पाऱ्यासाठी ती सगळ्यांत चांगली. पण आपण ती काट्यासकट, कल्ल्यासकट, कधी पोटासकट खातो, आणि शिसं-कॅडमियम तिथेच असतं. स्वच्छ धरणाची बारीक मासळी बिनधास्त घ्या, शहराखालच्या नदीची नको. सुकवलेली असेल तर पाणी उडाल्याने प्रमाण आणखी वाढलेलं असतं. नदीचे शिंपले पाणी गाळून जगतात, म्हणून घाण पाण्यातले शिंपले कधीच नाहीत.

पायरी ५: विळीवर

खवले, कल्ले आणि पोटातलं सगळं काढून टाका. कोळणीकडून साफ करून घेत असाल तर कल्ले ठेवू नको म्हणून सांगा, कारण डोक्याच्या कालवणासाठी ते बऱ्याचदा तसेच राहतात. शंकेच्या पाण्यातल्या माशाचं डोकं आणि यकृत सोडून द्या. खेकड्याच्या कवचाखालचा तपकिरी-पिवळा मऊ भाग हा कॅडमियमचा आवडता मुक्काम. रस्सा त्यानेच दाट होतो, हे मला ठाऊक आहे. तरी खात्री नसलेल्या ओढ्याचा खेकडा असेल तर तो भाग काढा.

पायरी ६: हिशोब कागदावर करा

हा भाग कठीण वाटतो, पण आहे साधा गुणाकार. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मिथाइल पाऱ्यासाठी २००३ मध्ये ठरवलेली मर्यादा आहे आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या बाईसाठी ६० गुणिले १.६, म्हणजे ९६ मायक्रोग्रॅम.

आता माशात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम (म्हणजे १०० मायक्रोग्रॅम) पारा असेल, तर दीडशे ग्रॅमच्या वाढणीतून १५ मायक्रोग्रॅम पोटात जातील. आठवड्यातून सहा वेळा खाल्लं तरी ९०, मर्यादेच्या आत. पण मासा ०.५ मिलिग्रॅमचा, म्हणजे आपल्या नियमांत साधारण माशासाठी जी कमाल मर्यादा आहे अगदी तितकाच भरला, तर एका वाढणीत ७५ मायक्रोग्रॅम. आठवड्यातून एकदाच. आणि पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा २४. त्याला त्याच माशाचा पन्नास ग्रॅमचा तुकडा दिला तर २५ झाले, एका तुकड्यात मर्यादा ओलांडली. कायद्याने विकायला योग्य असलेला मासा रोज खायला योग्य असतोच असं नाही, ते यातून दिसतं.

शिशाचा असा हिशोब करता येत नाही. त्याची जुनी साप्ताहिक मर्यादा याच समितीने २०१० मध्ये मागे घेतली, कारण 'इतकं चालेल' असं म्हणण्याजोगी पातळीच सापडत नाही. माशात किलोमागे ०.३ मिलिग्रॅम ही नियमातली कमाल मर्यादा, पण लहान मुलांच्या बाबतीत जितकं कमी तितकं चांगलं. शिवाय शिसं फक्त माशातून येत नाही. हळदीला पिवळेपणा यावा म्हणून मिसळलेलं लेड क्रोमेट, जुने रंग, जुन्या बॅटऱ्या हेही आहेत. कॅडमियमच्या बाबतीत तंबाखू ओढणाऱ्याने माशाला दोष देण्याआधी स्वतःच्या खिशात बघावं.

पायरी ७: घरात कोणासाठी कडक राहायचं

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मूल हवं असणाऱ्या बायका, आणि लहान मुलं. बाळाचा मेंदू घडत असताना मिथाइल पारा वार (प्लासेंटा) ओलांडून आत जातो, म्हणून ही माणसं पहिली. त्यांच्यासाठी मासा बंद करायचा नाही, बदलायचा: तळ्यातला लहान रोहू, चिलापी, समुद्राची बारीक मासळी, आणि दर वेळी तोच तो मासा नको.

आणखी एक गोष्ट, जी माशांच्या चर्चेत कुणी काढत नाही. शरीरात लोह कमी असेल तर कॅडमियम आणि शिसं आतड्यातून जास्त शोषलं जातं. कॅल्शियम कमी असेल तर शिसंही तसंच. आपल्याकडे पंडुरोग घरोघरी आहे. रक्त वाढवणं हाही या धातूंपासूनचा बचाव आहे, आणि सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. 'शरीरातले धातू काढणारे' काढे आणि डिटॉक्सची पाकिटं मात्र घेऊ नका. शंका असेल तर डॉक्टरांकडून रक्तातलं शिसं किंवा पारा तपासून घ्या.

परदेशात गळ टाकणाऱ्या मराठी मंडळींसाठी: अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापल्या तळ्या-नद्यांसाठी मासे खाण्याचे सल्ले प्रसिद्ध करतं. सल्लाच नसेल तर तिथला सरकारी नियम असा की स्वतः पकडलेल्या माशाची एक वाढणी खावी आणि त्या आठवड्यात दुसरा मासा खाऊ नये. आपल्याकडे नद्यांसाठी असे सल्ले निघत नाहीत, म्हणून मी हाच नियम इथेही पाळतो.

पायरी ८: बातमी आणि अहवाल वाचताना

संशोधनात माशाचं मांस अनेकदा वाळवून मोजतात. ताज्या माशात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, म्हणून वाळलेल्या वजनावरचा आकडा ओल्यापेक्षा चार-पाच पट मोठा दिसतो. कायद्याची मर्यादा मात्र ओल्या, म्हणजे खाण्याच्या मांसावर असते. दोन्हींची तुलना करून 'मर्यादेच्या चौपट' असे मथळे सहज तयार होतात. मग बघा, मोजलं काय: मांस की यकृत? यकृताचा आकडा मोठा येणारच, आणि तो आपण खात नाही.

पायरी ९: स्वतः तपासून घ्यायचं असेल तर

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला विकत घेतलेलं अन्न शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. अट एकच: विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. नियमभंग निघाला तर शुल्क परत मिळतं. एकट्याने हा खर्च जड जातो. सोसायटीतल्या सात-आठ घरांनी मिळून, नेहमीच्या विक्रेत्याकडून एकाच जातीचे आणि एकाच आकाराचे तीन-चार मासे घेऊन, त्यांचं एकत्र मांस एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) ची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत दिलं तर परवडतं. देताना लिहून सांगा: फक्त खाण्याचं मांस, ओल्या वजनावर, पारा-शिसं-कॅडमियम. नमुना किती लागतो आणि तो बर्फात कसा आणायचा ते आधी फोन करून विचारा. आणि मावशीला आधीच समजावून सांगा की हे तिच्याविरुद्ध नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिच्याकडे तुमच्यासाठी मासा नसेल.

स्वतः पाग टाकणाऱ्यांसाठी शेवटचं. जाळ्याला आणि गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या घरच्या चुलीवर वितळवू नका. त्या वाफा आणि ती राख मुलांच्या अंगात जाते, माशात सापडणाऱ्या शिशापेक्षा कितीतरी जास्त. मासा साफ करताना पोटात गिळलेली गोळी सापडली तर ती खेळायला देऊ नका, आणि गोळ्यांना लागलेला हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.